आल्विन थीलचे बुधवार

आल्विन थीलने म्हातारपणी बाई ठेवली आहे, ही कुजबुज आमच्या सेंट ओडिलिया गावात सुरू झाली ती त्र्याण्णव सालच्या सफरचंदांच्या मोसमात. चर्चच्या हॉलमध्ये बायका सफरचंदं सोलायला बसल्या होत्या. शेवटची टोपली रिकामी होईपर्यंत बाई कोण, राहते कुठे, केसांना रंग लावते की नाही, सगळं ठरून गेलं होतं. दर बुधवारी संध्याकाळी आल्विन दाढी करतो, इस्त्रीचा शर्ट घालतो, हिरवा पिकअप काढतो आणि शेजारच्या गावाला जातो. तिथे जुन्या रंगाच्या दुकानामागे, रस्त्यावरून दिसणार नाही असा ट्रक लावतो. दुकानाच्या माडीवर राहते डार्लीन कोपिट्स्के. नवऱ्याला सोडून शबॉयगनहून आलेली, चीज फॅक्टरीत हिशेब बघणारी, लाल कोट घालणारी. एवढं सगळं एकाच बाईत सापडल्यावर आमच्या गावाला पुरावा लागत नाही. पुरावा मागणं हे आमच्याकडे उद्धटपणाचं समजतात.

आता आल्विन दिसायला कसा? उंच, वाकलेला, कानांत केस, आणि शर्टाच्या खिशात पेन्सिली. बायकांनी वळून बघावं असं त्याच्यात त्याच्या लग्नातसुद्धा काही नव्हतं. पण हेच तर लोकांना आवडलं. देखण्या माणसाची भानगड दोन दिवस चालते, आल्विनसारख्याची हिवाळाभर पुरते.

आल्विनने उभी हयात विनेबेगो तळ्यापलीकडच्या क्रेनच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून काढली. त्या ड्रॉइंगच्या खोलीबद्दल तो बोलायला लागला की गॉर्डीच्या बारमधले लोक ग्लास भरून घ्यायचे, कारण मध्येच उठता येत नसे. उत्तरेकडच्या उंच खिडक्या, कारण उत्तरेच्या उजेडाला सावली नसते. रांगेने उतरती टेबलं. पेन्सिलीला टोक काढल्याचा आणि खोडरबराचा भुगा झाडायला प्रत्येकाचा आपापला ब्रश, जसा न्हाव्याचा असतो. निळ्या प्रती काढायच्या यंत्रातून अमोनियाचा असा वास यायचा की सर्दी झालेली माणसं मुद्दाम तिथे जाऊन उभी राहायची. ट्रेसिंगचं कापड तर खरं मलमल असायचं, खळ लावलेलं. रद्द झालेली ड्रॉइंगं आल्विन घरी आणायचा, त्याची बायको अर्डिस ती उकळून खळ काढायची आणि रुमाल शिवायची. थीलांच्या घरात माणसं क्रेनच्या नकाशांना नाक पुसतात, असं गाव म्हणायचं, आणि ते अगदी खरं होतं.

आल्विनची रेघ केसासारखी असे आणि अक्षर छापल्यासारखं. प्रत्येक ड्रॉइंगच्या तळाशी तो एक ओळ लिहायचा, त्या धंद्यातले सगळेच लिहितात: चित्र मोजू नये, आकडा वाचावा. म्हणजे कागद दमट होऊन फुगतो, आकसतो. तुम्ही पट्टी लावून चित्र मोजाल तर फसाल. शेजारी माप लिहिलंय ना, ते घ्या. ही ओळ त्याच्या इतकी अंगात मुरली होती की मासे मोजतानासुद्धा तो पट्टीपेक्षा सांगणाऱ्याच्या शब्दावर जास्त भरवसा ठेवायचा, आणि म्हणून मासेमारांत लोकप्रिय होता.

मग कारखान्यात संगणक आले. आल्विनने त्या पडद्याकडे एकदा बघितलं आणि राजीनामा दिला. निरोपाच्या समारंभात तो म्हणाला, "हा टेलिव्हिजन आहे, आणि त्यावर पॅकर्सची फुटबॉल मॅचसुद्धा दिसत नाही. मी याला हात लावला तर मला पुरून टाका." लोकांनी टाळ्या वाजवल्या. असली वाक्यं गाव विसरत नाही.

घरी बसल्यावर तो गावाचा ड्राफ्ट्समन झाला. बर्फावर मासे मारायची खोपटी, कोंबड्यांची खुराडी, चर्चच्या पायऱ्यांचा कठडा, गॉर्डीच्या बारचा नवा काउंटर, सगळं आल्विनच्या कागदावर आधी उभं राहायचं आणि मग लाकडात. पैसे तो घ्यायचा नाही. कुणी पर्चमासे आणून देई, कुणी ब्रँडी पाजी. सेंट ओडिलियात ज्याच्या खोपट्याचं ड्रॉइंग आल्विनचं नाही, त्याचं दार वाऱ्यात आपोआप उघडतं, असा समज होता.

आणि मग त्याचा उजवा हात थरथरायला लागला.

आधी थोडा, सकाळी. मग पेन्सिल टेकवली की. रेघ सुरू होई ठीक, मध्यावर तिला कापरं भरे. डॉक्टर म्हणाला, वय झालं की काहींना होतं, जीवाला धोका नाही. आल्विनला जीवाची काळजी नव्हतीच. त्याला आठवला ग्रेगर शूह. कारखान्यातला म्हातारा ड्राफ्ट्समन, हात कापायला लागला तेव्हा त्याला जुनी ड्रॉइंगं लावायच्या खोलीत बसवलं आणि त्याचं नाव पडलं 'भूकंप'. आमच्याकडे पडलेलं नाव माणूस गेल्यावरही सुटत नाही. पेपरात मृत्यूची बातमी आली तीसुद्धा ग्रेगर 'भूकंप' शूह अशी. त्या नावाला आल्विनही पोटभर हसला होता.

म्हणून त्याने कुणाला काही सांगितलं नाही. बायकोलाही नाही. नवं ड्रॉइंग मागायला कोणी आलं की चष्म्याचा नंबर बदललाय म्हणायचं, टेबल पाणी पिऊन फुगलंय म्हणायचं. गावाने एवढंच म्हटलं की आल्विनला मस्ती आली.

त्यातच क्लीटस आला. क्लीटस वेबर म्हणजे जन्मभर दुधाचा टँकर चालवलेला आल्विनचा लंगोटीयार. दोघांनी तरुणपणी मिळून बर्फावरची शिडाची होडी बांधली होती. खाली तीन पोलादी पाती, वर एक शीड, आणि वारा असला की गोठलेल्या तळ्यावरून मोटारीला मागे टाकील असा वेग. एका मार्चमध्ये बर्फ पातळ झालं होतं आणि दोघांना ते मान्य नव्हतं. दोघे बाहेर निघाले, होडी अजून तळाशी आहे. क्लीटसच्या खुब्यात आता नवा सांधा बसवला होता.

"मला एक होडी काढून दे," तो म्हणाला. "पण बसायची. खुर्चीसारखी. ती सगळी पोरं झोपून चालवतात. मी झोपलो तर उठवायला चारजण लागतील."

"बघू."

"बघू काय, लेका? काढून दे. मला मरायच्या आधी एकदा परत जायचंय तिथे वर. तळाशी नाही, वर."

"चष्मा बदलायचाय माझा."

"गेल्या वर्षीपण चष्माच होता. डोळे किती आहेत तुला? ख्रिसमसपर्यंत ड्रॉइंग हातात नाही पडलं, तर मी डेट्रॉईटहून तयार किट मागवतो. आणि गॉर्डीकडे सगळ्यांना सांगतो की आल्विन थील संपला."

तो थट्टेत बोलला. आल्विनला ते थट्टेत ऐकता आलं नाही.

तेव्हा ज्याला हात लावला तर पुरून टाका म्हणाला होता, त्याच्याच शोधात आल्विन निघाला. ॲपलटनच्या दुकानात टाय लावलेल्या पोरसवदा विक्रेत्याने त्याला मोठ्या कंपन्या वापरतात तो ड्राफ्टिंगचा प्रोग्राम दाखवला. पडद्यावर चाकं फिरत होती, पूल उलटे होत होते. आल्विनने किंमत विचारली आणि मग खुर्चीवर बसला. तेवढ्या पैशांत जुनी मोटरबोट आली असती, ट्रेलरसकट.

"हौसेसाठी हवाय," तो म्हणाला.

"हौसेसाठी हा कोणी घेत नाही, सर," पोरगा म्हणाला, आणि त्याने इतक्या सभ्यपणे म्हटलं की आल्विनला त्याचा टाय ओढावासा वाटला.

मग पुतण्याने टाकून दिलेला एक संगणक त्याने तळघरात, लोणच्याच्या बरण्यांमागे मांडला. अर्डिसला सांगितलं, टॅक्ससाठी. त्यावर त्याने सवलतीच्या दुकानातून आणलेला एक प्रोग्राम चढवला, डब्यावर 'तुम्हीच व्हा वास्तुरचनाकार' असं काहीतरी लिहिलेलं. तो प्रोग्राम फक्त स्वयंपाकघरं काढायचा. होडी काढायला घेतली की त्यात सिंक टाकायचा. आल्विनने दोन संध्याकाळी झगडून होडीचा सांगाडा उभा केला, आणि यंत्राने त्याला विचारलं की फ्रिज कुठल्या भिंतीला हवा.

नंतर टपालाने फ्लॉपी मागवली. त्या काळी असे फुकटात वाटलेले प्रोग्राम मिळायचे: वापरून बघा, आवडला तर पैसे पाठवा. हा बरा होता, पण थोड्या रेघा झाल्या की थांबायचा आणि पैशांची आठवण करून द्यायचा. आल्विनने इमानाने पैसे पाठवले. पाकीट परत आलं, पत्त्यावर कोणी राहत नव्हतं.

डार्लीन भेटली ती फाँड डु लॅक गावात. संगणकवाल्यांच्या क्लबाने एका चर्चच्या तळघरात जुन्या सामानाचा बाजार भरवला होता. फ्लॉपींच्या, वायरींच्या ढिगांमध्ये एका टेबलावर गोधड्यांचे नमुने ठेवले होते, कागदावर छापलेले. आल्विनला गोधडीत रस नव्हता, पण रेघ दिसली की तो थांबायचाच. आठ टोकांचा तारा होता. त्याने चष्मा कपाळावर चढवला आणि कागद नाकाला लावला. सगळी टोकं एका बिंदूत मिळत होती. कुठेही पेन्सिल पुढे गेली नव्हती, मागे राहिली नव्हती.

"हे कुणी काढलं?"

"मी," लाल कोटवाली बाई म्हणाली. "आणि याने." तिने प्रोग्रामचा एक मळका डबा वर केला. "कंपनी बुडाली याची. म्हणून दोन माणसांच्या शुक्रवारच्या मासळीच्या ताटाच्या पैशांत मिळाला. चांगल्या कंपन्या बुडाव्यात, म्हणजे आपल्याला परवडतात."

"माझ्या संगणकावर चालेल?"

त्याने संगणकाचं वर्णन केलं. ती हसली नाही, पण तिला कष्ट पडले.

"तो दार उघडं राहावं म्हणून ठेवा. तुम्हाला काय काढायचंय?"

"होडी. बर्फावरची."

"मग बुधवारी माझ्याकडे या, मी मोकळी असते. आणि आधी गोधडी काढायला शिका. गोधडी चुकली तर कोणी बुडत नाही."

पहिल्या बुधवारी आल्विन तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला आणि माऊस असा धरला जसा कोणी उंदीरच धरलाय. पडद्यावरचा बाण तापल्या तव्यावरच्या पाण्याच्या थेंबासारखा नाचायला लागला. त्याने हात काढून घेतला आणि मांडीखाली ठेवला. डार्लीनला दिसायचं ते दिसलं. तिने पुढे वाकून एक बटण दाबलं, आणि पडद्यावर ठिपके उमटले, सारख्या अंतरावर, रांगेने.

"आता बाण ठिपक्यावरच बसेल. मधे कुठे थांबणारच नाही. तुम्ही जवळपास न्या, पुढचं तो बघतो. किंवा हातच लावू नका. लांबी टाइप करा, कोन टाइप करा."

आल्विनने दोन बोटांनी आकडे दाबले. रेघ आली. इकडून तिकडे, मध्यावर कापरं न भरता, जशी त्याच्या हातून पन्नासाव्या वर्षी यायची तशी. तो बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिला. उत्तरेच्या खिडक्या, ब्रश, अमोनिया, सगळं त्या काळ्या पडद्यावर येऊन गेलं असावं, कारण त्याने नाक ओढलं.

"ही छापता येईल?"

"एक रेघ? एका रेघेसाठी अख्खं पान?"

"हो."

तिने छापून दिली. त्याने घडी घातली आणि पेन्सिलींच्या खिशात ठेवली.

त्यानंतरचे बुधवार आल्विनने कधी चुकवले नाहीत. गोधडीचा तारा झाला, मग होडीची बाजू, मग खुर्ची, मग पाती. आणि इकडे गावात जे चाललं होतं त्याचा त्याला पत्ताच नव्हता. नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी तो आणि अर्डिस गॉर्डीकडे मासळी खायला गेले. अर्डिस ओळखीच्या बायकांत जाऊन बसली आणि आल्विन बारशी उभा राहिला. गॉर्डीने ब्रँडीचा ग्लास सरकवला. आल्विनने उचलला तसा बर्फ आत किणकिणला. क्लीटस बघत होता.

"हात बघा याचा," क्लीटस सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, आणि आल्विनला वाटलं, आलं नाव, पडलं. "कापणारच. या वयात दोन घरं सांभाळायची म्हणजे खायची गोष्ट आहे का?"

बार खदखदला. आल्विनला काही कळेना.

"कसली दोन घरं?"

"अरे, साळसूदपणा बघा. आता बुधवारी काय असतं ते आम्ही विचारत नाही बाबा. फक्त एवढं सांग, ती लाल कोट घरात तरी काढते का?"

"क्लीटस, हळू बोल. अर्डिस आहे तिकडे."

"म्हणजे अर्डिसला माहीत नाही," गॉर्डी ग्लास पुसत म्हणाला. "ही मात्र बातमी आहे."

त्या रात्रीपासून आल्विनचं नाव पडलं ते 'बुधवार'. ये बुधवार, बस बुधवार. ग्लास हिंदकळला की लोक डोळे मिचकावत, चमचा वाजला की कोपराने ढोसत. सूप सांडलं तर कोणीतरी म्हणे, गुरुवारी असं होतंच. एकानेही विचारलं नाही की हाताला काही झालंय का. आल्विनला शरमही वाटायची आणि आत कुठेतरी सुटल्यासारखंही वाटायचं, आणि त्या सुटकेचीच पुन्हा शरम वाटायची. फक्त अर्डिसचं कोडं सुटत नव्हतं. ती काही बोलत नव्हती. मंगळवारी निळा शर्ट इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर टाकत होती, बस्स.

डिसेंबरात तळ्याच्या कडा गोठायला लागल्या. पात्यांचं ड्रॉइंग झालं होतं. नीना नावाच्या गावात एक कारखाना होता, तिथे संगणकावर चालणारं यंत्र फ्लॉपी वाचून पोलाद कापायचं. आल्विनने फ्लॉपी दिली. पाती तयार झाल्याचा फोन आला तेव्हा तो ट्रकमध्ये घोंगडी घालून गेला, एवढी लांब पाती नुसती कशी ठेवायची म्हणून.

काउंटरवरच्या बाईने एक पाकीट सरकवलं.

"बिल नंतर. पाती द्या."

"आतच आहेत."

आल्विनने पाकीट उलटं केलं. तळहातावर तीन पाती पडली. वळण अचूक, भोकं अचूक, कडा अशी की दाढी करावी. प्रत्येक पातं बोटाएवढं.

"आम्हाला वाटलं शोभेचं काहीतरी आहे," बाई म्हणाली. "आमच्याकडे एकजण म्हणालाही, छान येतील कानात."

"पण मी माप लिहिलं होतं. शेजारीच लिहिलं होतं. तीन फूट."

"यंत्र अक्षरं वाचत नाही हो. रेघ मोजतं आणि कापतं."

आल्विन घोंगडी घेऊन परत आला. जन्मभर त्याने एका फुटाला एक इंच धरून काढलं होतं, कारण क्रेन कागदावर मावत नाही. संगणकावरही त्याने तसंच काढलं होतं, इमानदारीत लहान करून, आणि शेजारी खरं माप टाइप करून. चित्र मोजू नये, ही ओळसुद्धा तळाशी टाकली होती. यंत्राने नेमकं चित्रच मोजलं होतं.

घरी त्याने पाकीट स्वयंपाकघरातल्या टेबलावर टाकलं आणि कोट न काढता बसला.

"मी बुधवारी जाणार नाही आता," तो म्हणाला.

अर्डिस चुलीपाशी होती. "का? लोक बोलतात म्हणून?"

आल्विनने मान वर केली. "तुला माहीत आहे?"

"मी याच गावात राहते, आल्विन."

"मग बोलली का नाहीस काही?"

"शर्ट इस्त्री करून ठेवत होते ना. आणखी काय बोलायचं?" तिने पाकीट उघडलं, एक पातं उचललं आणि उजेडात धरलं. "हे काय, बाहुलीचे स्केट?"

मग त्याने सगळं सांगितलं. ॲपलटनचा टाय, होडीतलं सिंक, ठिपके, क्लीटसची मुदत. हाताचं सांगताना त्याने हात टेबलाखाली घेतला. अर्डिसने कॉफी ओतली आणि कप त्याच्यापुढे ठेवला.

"कपात बघ," ती म्हणाली.

"काय आहे?"

"अर्धा आहे. मागच्या ईस्टरपासून मी तुला अर्धाच कप ओततेय. तू दुसऱ्यांदा मागतोस, मी पुन्हा अर्धा ओतते. सांडत नाही."

आल्विन कपाकडे बघत राहिला. रोज सकाळी पाहिलेली गोष्ट त्याला पहिल्यांदा दिसली. त्याने हात टेबलावर काढून ठेवला. तो थरथरत होता, आणि दोघांनी त्याला थरथरू दिलं.

"मी उद्या गॉर्डीकडे जाऊन सगळ्यांना सांगतो, खरं काय ते," तो म्हणाला. "तुझ्यावर उगाच सगळे दया दाखवतायत."

"दया? शेजारच्या जेनेव्हीव्हने मला स्वतःहून दोन केक आणून दिलेत. ती तिच्या बहिणीला सुद्धा देत नाही." तिने पातं त्याच्या बोटाला लावून बघितलं. "आणि सांगणार काय आहेस? की बुधवारी तू शाळेत जातोस, कारण हात कापतो?"

आल्विनने अर्धा कप संपवून पुढे सरकवला.

"राहू दे मग. हिवाळ्यात लोकांना काहीतरी लागतं. बुधवारी जा, आणि डार्लीनला म्हणावं, तो आठ टोकांचा तारा मला हवाय, निळ्यात."

बुधवारी डार्लीनने पाती बघितली आणि हसून हसून तिला खुर्ची धरावी लागली. मग डोळे पुसत म्हणाली, "इथे कागद नसतोच हो. इथे सगळं खऱ्याएवढं काढायचं. होडी होडीएवढी, क्रेन क्रेनएवढी. लहान करायचं ते शेवटी, छापताना."

"क्रेनएवढी? या एवढ्याशा डब्यात?"

"मावते."

तिने सगळं ड्रॉइंग निवडलं आणि बारापट करायला सांगितलं. पडद्यावरची होडी भसकन वाढली आणि कडांच्या बाहेर गेली. आल्विनने टाइप केलेले आकडेही बारापट झाले, एकेक अक्षर ताटाएवढं. ती अक्षरं पुन्हा लहान करण्यात अख्खी संध्याकाळ गेली. आल्विनने तळाची ती ओळ मात्र स्वतः खोडली. खोडताना थांबला होता थोडा.

ख्रिसमसच्या आधी दोन-तीन दिवस त्याने क्लीटसच्या हातात गुंडाळी दिली. क्लीटसने ती स्वयंपाकघरात पसरली, चारी कोपऱ्यांवर बिअरच्या बाटल्या ठेवल्या आणि शांतपणे बघत राहिला. क्लीटस शांत म्हणजे चर्चमध्येसुद्धा दुर्मीळ.

"अक्षर तुझं नाही," तो शेवटी म्हणाला.

"यंत्राचं आहे."

"टेलिव्हिजनचं? तू हात लावलास त्याला? मग आता पुरायचं कुठे तुला? जमीन गोठलीय."

"वसंतात बघ. स्वस्तातला प्रोग्राम मिळाला. तुझी होडी काढायला परवडेल असा."

क्लीटसने रेघेवरून बोट फिरवलं. मग त्याच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. "ती कोपिट्स्केबाई संगणकवाली आहे ना? म्हणजे बुधवारी ती तुला हेच शिकवत होती?"

आल्विनने टोपी घातली. "हेही," तो म्हणाला, आणि निघून गेला.

त्या एका शब्दावर गाव जानेवारी ओलांडून गेलं.

होडी फेब्रुवारीत बर्फावर आली. पाती या खेपेला तीन फुटांची होती. क्लीटसला दोघांनी धरून खुर्चीत बसवलं, मांडीवर घोंगडी, कानावर टोपी, तोंडात विझलेला चिरूट. वारा वायव्येचा होता. शीड भरलं तशी होडी एकदा कण्हली आणि सुटली. पात्यांचा तो आवाज, कापड फाडत न्यावं तसा, काठावरच्या म्हाताऱ्यांनी किती वर्षांनी ऐकला. कुणीतरी आपल्या बापाच्या होडीचं नाव काढलं, कुणी म्हणालं, तेव्हा बर्फ जास्त निळं असायचं. क्लीटस बिंदूएवढा झाला, वळला, आणि परत मोठा होत आला. काठाशी येऊन थांबला तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. वाऱ्याने येतंच.

"जुनीसारखीच डावीकडे ओढते," तो म्हणाला.

"जुनी ओढत नव्हती. तू डाव्या बाजूला जड आहेस."

"उतरवू नका मला," क्लीटस म्हणाला. "ढकला परत."

आल्विनने होडीच्या मागच्या फळीला दोन्ही हात लावले आणि ढकललं.

त्यानंतर आल्विनने डार्लीनच्या टेबलावर गावाची बरीच खोपटी काढली, सगळी खऱ्याएवढी. हात वाढत्या वयाबरोबर जास्तच कापू लागला आणि लोक जास्तच डोळे मिचकावू लागले. आता आल्विन नाही, क्लीटस नाही, रंगाच्या दुकानाच्या जागी अंग रापवून देणारं टॅनिंगचं पार्लर आलंय. तळंही पूर्वीसारखं लवकर गोठत नाही. अर्डिस मात्र अजून आहे, आणि तिच्या पलंगावर निळी गोधडी आहे.

बाई ठेवल्याची ती अफवा अर्डिसनेच सोडली होती. आल्विन एका बुधवारी डार्लीनकडे चष्मा विसरून आला होता म्हणून तिने घरी फोन केला, तेव्हाच अर्डिसला सगळं कळलं होतं. पुढे सफरचंदं सोलताना जेनेव्हीव्हने तिला विचारलं, आल्विनचा हात हल्ली कापतो का. अर्डिस म्हणाली, हाताचं सोड, तो बुधवारी कुठे जातो ते मला माहीत आहे, पण तू कुणाला सांगू नकोस.